भाषणातलं नाव

टचिंग हा शब्द मी नोकरीभर शिकवला. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत मी इंग्रजीचा शिक्षक होतो. नववीच्या धड्यांत हा शब्द कुठे ना कुठे यायचाच, नाही आला तर मी आणायचो. फळ्यावर शब्दकोशातला अर्थ लिहायचो, हृदयस्पर्शी, आणि लगेच पुसून टाकायचो, कारण हृदयस्पर्शी हा शब्दही त्या मुलांच्या घरी कुणी बोलत नव्हतं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडे दखनी. मग मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "इथं काहीतरी हललं पाहिजे."

मागच्या बाकावरून हमखास यायचं, "म्हंजे सॅडच की सर."

"नाही रे. सॅड म्हणजे ज्याच्यावर वेळ येते त्याचं दुःख. टचिंग म्हणजे ते ऐकून तुला जे होतं ते. एखाद्यानं आपल्या वाटणीचा लाडू धाकट्या भावाला दिला, तर त्यात दुःख कुठंय? पण टचिंग आहे की नाही?"

"माझा लाडू दिला तर सॅडच हाय सर," असं एकदा एकानं सांगितलं आणि सगळा वर्ग हसला.

हा फरक मी इतक्या वर्गांना समजावून दिला, की तो मला स्वतःला कळलेला आहे असं मी धरून चाललो.

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. मुलगी पुण्यात असते. या दोघींमध्ये मुलीच्या शाळेच्या वयात एक अंतर पडलं आणि ते कधी मिटलं नाही. आईला आपण आवडत नाही, असं माझ्या मुलीला तीस वर्षं वाटत राहिलं. नातेवाईकही म्हणायचे, मायलेकींचं पटत नाही. त्यांचं पटत होतं. जे झालं ते माझ्यामुळं झालं, आणि ते जसं झालं तसं सांगायला मी फार उशीर केला.

आमचं पहिलं मूल मुलगा. पत्नीचं माहेर अक्कलकोटच्या पुढचं, मैंदर्गीचं, तिकडच्या लिंगायत घरांत कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच ताटात. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली होती. बाळ झाल्याचा निरोप आला, मी जाऊन पाहून आलो. जंगम स्वामींनी त्याच्या अंगावर लिंग बांधलं होतं, एवढंसं कापडात गुंडाळलेलं. परीक्षा जवळ आल्या म्हणून मी परत आलो. बारशाच्या आधीच ते गेलं. मी पोचलो तोवर शेतात बांधाशेजारी त्याला पुरून माणसं अंघोळीला बसली होती. जागा कोणती हे मी विचारलं नाही. पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून प्रवास कसा झाला ते सांगितलं.

त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली. पत्नी तिला अव्वा म्हणायची. कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई, पण लाडक्या लेकीलाही तशीच हाक मारतात. "अव्वा, ऊठ गं." "अव्वा, डोकं दे हिकडं, तेल लावते." दिवसभर घरात ती हाक चालू असायची.

मुलगी नववीत होती तेव्हा शहरातल्या शाळांची इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, न विसरता येणारा क्षण. आमच्या शाळेला इंग्रजीत कधी काही मिळत नव्हतं. बक्षिसं इंग्रजी माध्यमाच्या शाळा न्यायच्या. मराठी वक्तृत्वात मात्र माझी मुलं नंबर आणायची, आणि ती कशी आणायची हे मला पक्कं ठाऊक होतं. भाषण मीच लिहायचो. कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा, कुठं वर पंख्याकडं बघायचं, हे सगळं ठरलेलं. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायचं नाही, हेसुद्धा. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "सर, तुम्ही हॉलबाहेर रुमालांचं दुकान काढा. पगारापेक्षा जास्त सुटेल."

"इंग्रजीतही काढतो," मी म्हणालो.

मुलीचं इंग्रजी बरं होतं, फार चांगलं नव्हतं. मला ठाऊक होतं की उच्चारांत ती त्या मुलांपुढं टिकणार नाही. म्हणजे मजकूर असा हवा की उच्चाराकडं कुणाचं लक्षच जाऊ नये. बरेच दिवस मी काहीबाही लिहून पाहिलं. आजीचं आजारपण लिहिलं, कुत्र्याचं पिल्लू लिहिलं. काही हलेना. एके दुपारी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत बसलेलो असताना मला मैंदर्गी आठवली आणि मी एका बैठकीत सगळं लिहून काढलं. लहान मुलगी, तिला कधीच न भेटलेला थोरला भाऊ, आई पाळणा हलवते पण पाळणा रिकामा. असा पाळणा आमच्याकडे नव्हता. मी घातला.

आणि त्या बाळाला मी नाव दिलं. नुसतं माय ब्रदर, माय ब्रदर वाचताना ओकंबोकं लागत होतं. नाव असलं की मुलीला हाक मारता येणार होती. भाषणाच्या शेवटी ती हात पाळण्यासारखे धरणार, थांबणार, आणि त्या नावानं हाक मारणार. ते नाव मी इथं लिहीत नाही.

मुलीनं कागद वाचला तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिला भाऊ होता हे तिला त्या दिवशी कळलं.

"अप्पा, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"आईला विचारलंत? तिला चालेल?"

"विचारलंय," मी म्हणालो. "तिनंच सांगितलंय, लिहा म्हणून. नावसुद्धा तिनंच ठेवलेलं. पण तिच्यापुढं हा विषय काढू नकोस. तिला त्रास होतो."

तालीम आम्ही शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात करायचो, घरी नाही. पत्नी सातवी शिकलेली. भाषण इंग्रजीत आहे, तिला काही कळणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं. इंग्रजीची ती एक सोयच झाली होती मला. तिनं स्पर्धेला यावं असंही माझ्या मनात नव्हतं, पण मुलगीच मागं लागली. आईनं परवानगी दिली आहे असं तिला वाटत होतं, म्हणून आईनं ऐकावं अशी तिची इच्छा होती.

हॉल भरलेला होता. मी व्यासपीठाच्या कडेला, पडद्यामागं उभा होतो. पत्नी चौथ्या-पाचव्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून आलेली, शेजारच्या बाईशी बोलणारी. मुलगी बोलायला लागली. ब्रदर हा शब्द कुणाला कळत नाही? मैंदर्गी हा शब्द तर इंग्रजीतही मैंदर्गीच. पत्नीचं शेजारणीशी बोलणं थांबलं. मुलीनं हात पाळण्यासारखे धरले, आणि मी शिकवलं होतं तशी, मी शिकवलं होतं तेवढाच वेळ थांबून, नावानं हाक मारली.

पत्नीनं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली आणि ती मूठ शेवटपर्यंत सोडली नाही. आजूबाजूच्या बाया डोळे पुसत होत्या. ती पुसत नव्हती. खरं सांगायचं तर त्या वेळी मी तिच्याकडं फार वेळ पाहिलं नाही. मी परीक्षकांकडं बघत होतो.

पहिलं बक्षीस आमच्या शाळेला मिळालं. प्रमुख पाहुणे कुणी निवृत्त अधिकारी होते, ते माइकवर म्हणाले, "टचिंग. व्हेरी, व्हेरी टचिंग." मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. "दुकान जोरात हाय तुमचं," ते कानात म्हणाले.

संध्याकाळी मुलगी ढाल घेऊन शेजारी दाखवायला गेली. पत्नी भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो.

"टचिंग म्हंजे काय वो?" तिनं विचारलं. पाठ माझ्याकडंच होती.

"मनाला भिडणारं," मी म्हणालो. "मनाला लागणारं."

"कुणाच्या?"

"ऐकणाऱ्यांच्या."

"हां," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "त्याला नाव नव्हतं की. तिला कुणी सांगितलं नाव?"

इथं मला खरं बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी लिहिलं, मी नाव घातलं, चुकलो. ती काय म्हणेल याची भीती होती असंही मी म्हणू शकत नाही, कारण ती कधी फारसं काही म्हणायची नाही. तिच्या पाठीकडं बघून मला फक्त एवढंच वाटलं, की हे माझ्यावर यायला नको.

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "भाषण तिचं तिनंच लिहिलंय. मी इंग्रजी तेवढं तपासलं. कुणीतरी सांगितलं असेल गावाकडं. नाव मनानंच घातलं असेल. पोर आहे."

"मनानं घातलं," ती म्हणाली. तिनं भाकरी उलटली.

मुलगी परत आली, "आई, कसं झालं माझं?" म्हणाली. पत्नीनं तिला ताट वाढलं आणि तिच्या नावानं हाक मारून सांगितलं, "हात धू." शाळेच्या दाखल्यावर आहे त्या नावानं. अव्वा नाही.

नंतर कधीच अव्वा नाही.

पत्नीनं मुलीचं काही कमी केलं नाही. डबा, वेणी, परीक्षेच्या दिवसांतला चहा, सगळं होतं तसंच. पण ती तिच्या कोणत्याच कार्यक्रमाला पुन्हा गेली नाही. कॉलेजात मुलगी नाटकात होती, बोलायला उभी राहायची, बक्षिसं आणायची. पत्नी कधी कपडे भिजत घालायची, कधी पाय दुखतो म्हणायची. मुलगी माझ्यापाशी येऊन विचारायची, "अप्पा, आईला माझं काय खटकतं?" मी म्हणायचो, "तिचा स्वभावच तसा आहे." बाळाचं दुःख आईला अजून सोसत नाही, म्हणून ती भाषणांपासून लांब राहते, अशी समजूत मुलीनं स्वतःच करून घेतली. मी ती तशीच राहू दिली. मला तीही सोयीची होती.

मुलीचं लग्न झालं. तिला मुलगा झाला तेव्हा बाळंतपणाला ती आमच्याकडंच होती. बारशाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं बसलो होतो. बाळ तिच्या मांडीवर होतं. नावांची चर्चा चालली होती, तिच्या सासरहून दोन-तीन नावं आली होती. मुलगी एकदम आईकडं बघून म्हणाली, "आई, मला एक वेगळंच सुचलंय." आणि तिनं ते नाव उच्चारलं. भाषणातलं.

मुलीला वाटत होतं, ती आईला तिचं हरवलेलं काहीतरी परत देते आहे. तिचा चेहरा मी विसरणार नाही. लहान मूल हातानं केलेली वस्तू आणून दाखवतं, तसा होता.

"ते नको," पत्नी म्हणाली.

"का गं?"

"ते नाव खोटं हाय." ती उठली. "परत तोंडातनं काढू नको."

ती आत गेली. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. बाळ रडायला लागलं, तिनं त्याला छातीशी धरलं. "मी काय चुकीचं बोलले, अप्पा?" दोघी एका घरात होत्या, मधे एक भिंत. मी आत जाऊन एकीला आणि बाहेर येऊन दुसरीला सांगितलं असतं तर झालं असतं. मी म्हणालो, "बारशाची धावपळ आहे, तिचं डोकं दुखत असेल."

पत्नीच्या शेवटच्या आजारपणात मुलगी पुण्याहून येऊन राहिली होती. सगळं तिनं केलं. पत्नी तिला म्हणायची, "तू दमलीस की. जा, झोप." माया होती. पण काहीतरी हातचं राखून दिल्यासारखी. मी दारात उभा राहून रोज ठरवायचो, की आज बोलायचं. मग डॉक्टर येऊन जायचे, कुणी भेटायला यायचं, ती झोपायची. खरं कारण हे नव्हतं. मरणाऱ्या माणसाला त्रास कशाला, असं मी स्वतःला समजावत होतो, आणि त्रास कुणाचा वाचत होता हे मला समजत होतं.

ती गेली. मैंदर्गीला नाही, इथंच, आमच्या समाजाच्या रुद्रभूमीत तिला मातीत ठेवलं.

यंदा वर्ष झालं. सोलापुरात पेपरमध्ये पुण्यस्मरणाची चौकट देण्याची पद्धत आहे. फोटो, खाली चार ओळी, त्याखाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. मुलगी त्यासाठी मुद्दाम आली होती. सकाळचा चहा झाल्यावर तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"अप्पा, बघा बरं. तुम्ही मास्तर आहात. टचिंग झालंय का?"

मी चष्मा लावून वाचलं. चांगलं लिहिलं होतं. आईच्या हातच्या भाकरीचं होतं, न बोलता केलेल्या कष्टांचं होतं. शेवटची ओळ अशी होती की, आई, तू आता तुझ्या लाडक्या अमुककडे गेलीस, त्याला कुशीत घेऊन सुखी राहा. अमुकच्या जागी ते नाव होतं.

पत्नीच्या फोटोखाली ते नाव छापून येणार होतं. घरोघरी.

"ही ओळ काढ," मी म्हणालो.

"का? तीच तर खरी ओळ आहे. आईनंच ठेवलेलं नाव ना ते? तेव्हा दुःखानं खोटं म्हणाली असेल."

"नाही. मी ठेवलेलं. भाषणापुरतं."

तिला कळेना. मग मी सांगितलं. चुलीपाशी मी काय बोललो ते, शब्द बदलून नाही, जसंच्या तसं. भाषण तिचं तिनंच लिहिलंय. नाव मनानंच घातलं असेल. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं परत म्हणत होतो. म्हणताना ते फार छोटं वाटलं.

ती मोबाइल हातात धरून बसली होती.

"म्हणजे आईला वाटलं, मी तिच्या बाळाचं नाटक केलं. बक्षिसासाठी."

"हो."

"आणि परत तेच नाव मी माझ्या पोराला..." ती थांबली. "शेवटपर्यंत तिला असंच वाटत होतं?"

"हो."

"तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलं असतंत ना अप्पा, तर ती तुमच्यावर चार दिवस रुसली असती. फार तर आठ दिवस. मग तुम्हाला वाढलंच असतं तिनं."

मी मान हलवली.

"आणि मी तिची अव्वा राहिले असते," ती म्हणाली. रडली नाही. "मला आठवतंय, हाक बंद झालेली. मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून."

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली. ठीक आहे म्हणाली नाही. तिनं ती ओळ पुसली, मग थोड्या वेळानं बाकीच्या ओळीही पुसल्या. पेपरमध्ये नुसता फोटो, पत्नीचं नाव आणि तारीख छापून आली. नातेवाइकांनी फोन करून विचारलं, मास्तरांच्या घरची चौकट आणि मजकूर नाही?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला मैंदर्गीला जायचंय. जागा दाखवा."

"मला जागा माहीत नाही," मी सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

भाड्याची गाडी केली. माझा मेहुणा आता थकलाय, पण शेताकडं जाऊन येऊन असतो. तो फाट्यावर उभा होता. "दाजी, लई वर्सानं आलात," म्हणाला. "गाडी हितंच लावा, फुडं चिखल हाय." मग भाचीकडं वळून, "तुझी आई येत हुती की वर्साला. येऊन बसायची, जायची. आमाला सुदिक काय बोलायची न्हाय."

ती दर वर्षी माहेरी जायची हे मला ठाऊक होतं. कशाला जायची, हे नव्हतं.

मीही काठी घेऊन उतरलो. मुलगी म्हणाली, "अप्पा, तुम्ही इथंच थांबा." आवाजात राग नव्हता. मुलाला सांगतात तसं सांगितलं.

मी गाडीपाशी थांबलो. मेहुणा तिला बांधापर्यंत घेऊन गेला, हातानं दाखवलं आणि बाजूला सरला. तुरीतून तिची पाठ दिसत होती. ती खाली बसली. थोड्या वेळानं तिची मान हलताना दिसली, म्हणजे ती काहीतरी बोलत होती. भावाशी की आईशी, मराठीत की आईच्या कन्नडमध्ये, ते रस्त्यापर्यंत येत नव्हतं. ड्रायव्हरनं विचारलं, "काका, आत बसता का? ऊन हाय." मी नको म्हणालो.

ती परत आली तेव्हा पायांना चिखल होता. मेहुण्यानं कळशीतलं पाणी दिलं, तिनं पाय धुतले. काय बोललीस, असं मी विचारलं नाही. अक्कलकोट ओलांडल्यावर तिनं मला विचारलं, औषधाची दुपारची गोळी घेतली का. मी नाही म्हणालो. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.